दुसऱ्याची टोपली आपल्या पानावर: व्हेरिएबलचा स्कोप, त्याचं आयुष्य आणि नको तिथे उरणारा डेटा

ग्राहक ऑनलाइन दुकानात लॉगिन करतो, टोपली उघडतो आणि तिच्यात त्याने न घेतलेल्या वस्तू असतात. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर हे कधीच घडत नाही. सर्व्हर रिस्टार्ट केला की तक्रारी थांबतात आणि दुपारपर्यंत पुन्हा सुरू होतात. डेटाबेस उघडून पाहावा, तर नोंदी चोख. ही लक्षणं एकत्र दिसली की माझा पहिला संशय एकाच गोष्टीवर जातो: एका रिक्वेस्टपुरतं (ब्राउझरने सर्व्हरकडे केलेल्या एका मागणीपुरतं) जगायला हवं होतं असं काहीतरी पुढच्या रिक्वेस्टलाही जिवंत आहे.

स्कोप शिकताना आपण एवढंच शिकतो की एखादं नाव कोडमध्ये कुठून दिसतं. फंक्शनच्या आत घोषित केलेलं बाहेरून दिसत नाही, फाइलच्या वरच्या पातळीवरचं सगळीकडून दिसतं. हे बरोबर आहे, पण वेबसाठी अपुरं आहे. नाव कुठून दिसतं यावरून त्यामागचा डेटा किती वेळ टिकतो आणि तो आणखी कोणाकोणाच्या वाट्याला येतो, हे कळत नाही. म्हणून प्रत्येक व्हेरिएबलपाशी तीन प्रश्न विचारायची सवय लावा. हे कुठून दिसतं? हे कधी मरतं? ते मरेपर्यंत किती माणसांच्या रिक्वेस्ट त्याला हात लावतात? बहुतेक घोटाळे दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात असतात, आणि कोड रिव्ह्यूमध्ये नेमके तेच विचारले जात नाहीत.

आधी प्रोसेस किती जगते ते बघा

पीएचपीवर हात बसलेल्या माणसाला हा बग सुरुवातीला पटतच नाही, आणि त्याला तसं कारण आहे. पारंपरिक पीएचपीमध्ये रिक्वेस्ट आली की स्क्रिप्ट कोऱ्या अवस्थेतून सुरू होते आणि उत्तर गेलं की तिची सगळी व्हेरिएबल्स पुसली जातात. एफपीएममध्ये (पीएचपी चालवणाऱ्या नेहमीच्या व्यवस्थेत) मागची प्रोसेस, म्हणजे मेमरीत चालू असलेला प्रोग्राम, जिवंत राहते, पण तुमची व्हेरिएबल्स राहत नाहीत. ग्लोबल म्हणा, स्टॅटिक म्हणा, सगळ्यांचं आयुष्य एका रिक्वेस्टएवढं. त्यामुळे पीएचपीत ग्लोबल वापरणं कुरूप असेल, पण एकाचा डेटा त्यातून दुसऱ्याकडे जात नाही.

पायथन, नोड आणि जावा यांचं तसं नाही. तिथे ॲप्लिकेशन एकदा सुरू होतं आणि तीच प्रोसेस हजारो रिक्वेस्टना उत्तरं देते. पायथनमध्ये मॉड्यूल पहिल्यांदा इम्पोर्ट होतं तेव्हाच त्याचा कोड चालतो. पुढच्या प्रत्येक इम्पोर्टला आधी तयार झालेलंच मॉड्यूल मिळतं. नोडमध्येही मॉड्यूल असंच साठवून ठेवलं जातं. म्हणजे फाइलच्या वरच्या पातळीवर लिहिलेली रिकामी लिस्ट सर्व्हर सुरू होताना एकदा रिकामी असते, नंतर कधीच आपोआप रिकामी होत नाही. जावाच्या सर्व्हलेटचा (रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या क्लासचा) साधारणपणे एकच इन्स्टन्स असतो आणि अनेक थ्रेड, म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणारी कामं, तो एकाच वेळी वापरतात. त्याच्या फील्डमध्ये वापरकर्त्याचं नाव ठेवलं की ते सगळ्यांचं होतं.

आता सीमारेषा धूसर झाल्या आहेत, म्हणून जास्त जपावं लागतं. लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कचं ऑक्टेन घेतलंत की पीएचपीचं ॲप्लिकेशनसुद्धा मेमरीत बसून राहतं आणि स्टॅटिक ॲरेमध्ये टाकलेलं रिक्वेस्टमागून रिक्वेस्ट साचत जातं. एडब्ल्यूएस लॅम्डामध्ये (ॲमेझॉनच्या फंक्शन चालवून देणाऱ्या सेवेत) प्रत्येक हाक स्वतंत्र असल्यासारखी वाटते, पण आधीच सुरू असलेलं, ‘तापलेलं’ एन्व्हायर्नमेंट पुन्हा वापरलं जातं आणि हँडलरच्या (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या फंक्शनच्या) बाहेर घोषित केलेलं तसंच राहतं. डेटाबेस कनेक्शन तिथे ठेवणं फायद्याचं. वापरकर्त्याची माहिती ठेवणं धोक्याचं.

तेव्हा पहिलं काम कोड वाचण्याचं नाहीच. तुमचा सर्व्हर कोणता, वर्कर (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेस) किती, प्रत्येक वर्करमध्ये थ्रेड किती, हे कागदावर लिहा. गुनिकॉर्न या पायथन सर्व्हरवर चार वर्कर असतील तर चार वेगळ्या प्रोसेस आणि मेमरीचे चार वेगळे तुकडे आहेत. ‘रिफ्रेश केलं की कधी दिसतं, कधी नाही’ या तक्रारीचं मूळ बहुधा इथे सापडतं: चुकीचा डेटा एकाच वर्करमध्ये आहे आणि तुमची रिक्वेस्ट दर वेळी कुठल्या वर्करकडे जाईल याचा नेम नाही.

टोपलीचा बग जवळून

खालचा तुकडा पायथनच्या वळणाचा आहे. ओळखायला सोपं जावं म्हणून शब्द मराठीत ठेवले आहेत.

फंक्शन टोपलीत_टाका(वस्तू, टोपली = []):
    टोपली.जोडा(वस्तू)
    परत_द्या टोपली

वाचताना वाटतं, टोपली दिली नाही तर दर वेळी नवी रिकामी लिस्ट मिळेल. पायथन तसं करत नाही. डिफॉल्ट किंमत फंक्शन घोषित होताना एकदाच काढली जाते आणि ती फंक्शनलाच चिकटून राहते. सुलभाने तांदूळ टाकले, लिस्टमध्ये तांदूळ. मग इरफानने साबण टाकला, त्याला तांदूळ आणि साबण अशी टोपली मिळाली. टोपली हे नाव पूर्णपणे लोकल आहे, फंक्शनच्या बाहेरून ते दिसतसुद्धा नाही. तरी त्यामागची लिस्ट प्रोसेस मरेपर्यंत जगते. स्कोप लहान आणि आयुष्य मोठं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

दुरुस्ती ठरलेली आहे. डिफॉल्ट म्हणून ‘काही नाही’ ही किंमत द्या आणि फंक्शनच्या आत ‘टोपली मिळाली नसेल तर नवी लिस्ट कर’ असं लिहा. बहुतेक लिंटर (कोड न चालवता चुका शोधणारी साधनं) हा दोष पकडतात. तो नियम चालू आहे ना, हे आजच तपासा.

क्लासमध्येही हीच गोष्ट वेगळ्या वेशात भेटते. क्लासच्या थेट अंगात लिहिलेली लिस्ट सगळ्या ऑब्जेक्टना मिळून एक असते. प्रत्येकाची वेगळी हवी असेल तर ती कन्स्ट्रक्टरमध्ये तयार करावी लागते.

इथेच नवशिक्यांना गोंधळात टाकणारी आणखी एक बाब आहे. पायथनमध्ये फंक्शनच्या आत ग्लोबल नावाला नवी किंमत द्यायला गेलात तर भाषा ते नाव लोकल धरते; त्याआधी ते वाचलेलं असेल तर एरर येते. त्यामुळे ‘ग्लोबल बदलायचं तर भाषा अडवते’ अशी समजूत होते. पण ग्लोबल लिस्टमध्ये काही जोडायचं असेल किंवा डिक्शनरीत नवी किल्ली टाकायची असेल तर कोणीच अडवत नाही, कारण तिथे नाव बदलत नाही, आतला माल बदलतो. एरर देणारं व्हेरिएबल तुम्हाला लगेच कळतं. गुपचूप साचणारी लिस्ट ग्राहकाचा फोन आल्यावर कळते.

दोन रिक्वेस्ट एकमेकींत गुंततात तेव्हा

वरचा दोष रिक्वेस्ट एकामागून एक आल्या तरी दिसतो. खालचा मात्र गर्दीतच दिसतो, म्हणून तो जास्त त्रास देतो. वळण नोडचं आहे.

चालू_वापरकर्ता = रिकामा

रिक्वेस्ट आली की:
    चालू_वापरकर्ता = कुकीवरून_ओळखा(रिक्वेस्ट)
    ऑर्डरी = अवेट डेटाबेसमधून_आणा(चालू_वापरकर्ता.क्रमांक)
    पान_पाठवा(चालू_वापरकर्ता.नाव, ऑर्डरी)

पहिली ओळ फाइलच्या वरच्या पातळीवर आहे. सुलभाची रिक्वेस्ट येते, व्हेरिएबलमध्ये सुलभा बसते, तिच्या क्रमांकाने डेटाबेसला विचारणा जाते. अवेटपाशी, म्हणजे ‘उत्तर येईपर्यंत थांब’ या शब्दापाशी, हे काम थांबतं आणि नोड मोकळा होतो. तेवढ्यात इरफानची रिक्वेस्ट येते आणि त्याच व्हेरिएबलमध्ये इरफान बसतो. मग सुलभाचं उत्तर परत येतं आणि शेवटची ओळ चालते. सुलभाच्या पानावर इरफानचं नाव आणि सुलभाच्या ऑर्डरी!

‘नोडमध्ये एकच थ्रेड आहे, मग भीती कसली’ हा युक्तिवाद इथे कोसळतो. एकच थ्रेड असला तरी प्रत्येक अवेट ही खिडकी आहे, आणि त्या खिडकीतून दुसरी रिक्वेस्ट आत येऊ शकते. जावात किंवा थ्रेड वापरणाऱ्या पायथन सर्व्हरमध्ये तर खिडकीचीही गरज नाही. थ्रेड जवळजवळ कुठेही बदलू शकतो.

एक टीप फक्त जावास्क्रिप्टसाठी. लेट, कॉन्स्ट किंवा व्हार न लिहिता थेट किंमत दिली, तर स्ट्रिक्ट मोड नसताना ते नाव गुपचूप ग्लोबल होतं. हँडलरच्या आत लिहिलंय म्हणून आपण निर्धास्त असतो आणि ते सगळ्या रिक्वेस्टमध्ये सामायिक झालेलं असतं. स्ट्रिक्ट मोडमध्ये तिथेच एरर येते, आणि ईएस मॉड्यूल्समध्ये स्ट्रिक्ट मोड आपोआप लागू असतो. लेट आणि कॉन्स्ट २०१५ च्या आवृत्तीपासून भाषेत आहेत. नव्या कोडमध्ये व्हार लिहायला मला तरी कारण दिसत नाही.

आता शोधमोहीम

घाईने कोडमध्ये शिरू नका. आधी दोष हुकमी घडवून आणता आला पाहिजे.

सुरुवात दोष सर्व्हरचा की ब्राउझरचा हे ठरवण्यापासून करा. तीच रिक्वेस्ट दुसऱ्या ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीतून करा, किंवा कर्ल या कमांड लाइन साधनाने थेट पाठवा. परका डेटा तिथेही आला तर सर्व्हर किंवा मधला कॅशे (तयार उत्तरं साठवून ठेवणारी जागा) संशयित. फक्त एकाच ब्राउझरमध्ये दिसत असेल तर खालच्या ब्राउझरच्या भागाकडे चला.

मग वर्कर एकावर आणा आणि थ्रेडही एक ठेवा. दोन ब्राउझरमध्ये दोन वेगळ्या नावांनी लॉगिन करा आणि पानं आळीपाळीने, निवांत उघडा. असं करूनही गळती दिसली तर गर्दीचा संबंध नाही. कुठेतरी डिफॉल्ट लिस्ट, क्लासवरची लिस्ट किंवा मॉड्यूलमधली डिक्शनरी साचते आहे. नाही दिसली, तर थ्रेड परत वाढवा (नोडमध्ये त्याची गरज नाही), आणि व्हेरिएबल लिहिणं व वाचणं यांच्या मध्ये मुद्दाम पाच सेकंदांचा विलंब टाका. आता एका ब्राउझरमधून रिक्वेस्ट पाठवा आणि ती अडकलेली असतानाच दुसऱ्यातून दुसरी पाठवा. महिन्यातून एकदा दिसणारा दोष असा दर वेळी दिसू लागतो. ही पायरी टाळून थेट दुरुस्ती करणाऱ्यांना दोष गेला की नाही हे कधीच खात्रीने सांगता येत नाही.

त्यानंतर लॉग. प्रत्येक ओळीत प्रोसेस क्रमांक, थ्रेडचं नाव, त्या रिक्वेस्टला दिलेली स्वतंत्र खूण आणि लॉगिन केलेल्याचा अंतर्गत क्रमांक असू द्या. संशयित लिस्टपाशी, हँडलरच्या अगदी पहिल्या ओळीत, तिची लांबी छापा. रिक्वेस्टच्या सुरुवातीला लांबी शून्य नसेल तर उत्तर मिळालं. पायथनमध्ये आयडी फंक्शनने ऑब्जेक्टची ओळखही छापता येते, पण एकट्या तिच्यावर विसंबू नका: जुनं ऑब्जेक्ट मेल्यावर तीच ओळख नव्याला मिळू शकते. लांबी आणि ओळख दोन्ही मिळून पुरावा होतो.

लॅपटॉपवर दोष का दिसत नाही, याचंही उत्तर इथेच आहे. डेव्हलपमेंट सर्व्हर फाइल सेव्ह केली की प्रोसेस नव्याने सुरू करतो, म्हणजे साचलेला डेटा दर काही मिनिटांनी आपोआप पुसला जातो. वर वापरणारे तुम्ही एकटेच. ऑटो रिलोड बंद करून आणि दोन खात्यांनी तपासल्याशिवाय ‘माझ्याकडे चालतंय’ याला अर्थ नाही.

शेवटी कोडमध्ये शोध घ्या. वरच्या पातळीवरच्या रिकाम्या लिस्ट आणि डिक्शनरी, क्लासच्या अंगातले संग्रह, ग्लोबल हा कीवर्ड, सिंगलटन (ज्याचं सगळीकडे मिळून एकच ऑब्जेक्ट असतं असा क्लास), फंक्शनचे निकाल लक्षात ठेवणारे डेकोरेटर (फंक्शनवर चढवलेली वेष्टनं), थ्रेड लोकल (प्रत्येक थ्रेडची स्वतःची साठवण). निकाल लक्षात ठेवणाऱ्या फंक्शनकडे विशेष लक्ष द्या. ते आतल्या आत ‘सध्याचा वापरकर्ता’ विचारत असेल आणि तो पॅरामीटरमध्ये नसेल, तर पहिल्या माणसाचं उत्तर सगळ्यांना जातं.

मग डेटा ठेवायचा कुठे

जी गोष्ट एका रिक्वेस्टपुरती आहे ती शक्यतो पॅरामीटर म्हणून हातोहात द्या. कंटाळवाणं वाटतं, पण वाचणाऱ्याला डेटा कुठून आला हे डोळ्यांसमोर दिसतं, आणि माझ्या मते या सोयीला तोड नाही. फारच खोलवर न्यायचा असेल तर फ्रेमवर्कने त्यासाठी केलेली जागा वापरा: फ्लास्कमध्ये जी हे ऑब्जेक्ट, एक्सप्रेसमध्ये रिस्पॉन्सवरचं लोकल्स, असिंक पायथनमध्ये कॉन्टेक्स्टव्हार्स, जे ३.७ आवृत्तीपासून आहे, आणि नोडमध्ये असिंकलोकलस्टोरेज. जावात थ्रेडलोकल वापरत असाल तर रिक्वेस्ट संपताना ते हमखास रिकामं करा. थ्रेड पूलमधले, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या साठ्यातले, असतात. तोच थ्रेड पुढच्या माणसाची रिक्वेस्ट उचलतो.

एका माणसाच्या अनेक रिक्वेस्टमध्ये टिकायला हवं ते सेशनमध्ये. फ्लास्कचं डिफॉल्ट सेशन कुकीतच राहतं हे माहीत असू द्या. त्यावर सही असते, म्हणून बदललं तर कळतं, पण ते एन्क्रिप्ट केलेलं नसतं. वाचायचं म्हटलं तर वाचता येतं. ओटीपी किंवा आधार क्रमांक तिथे ठेवू नका.

कायम टिकायचं ते डेटाबेसमध्ये. सगळ्या वर्करना मिळून एकच हवं असेल, जसं एखादा मोजणी आकडा, ते रेडिसमध्ये (मेमरीत डेटा ठेवणाऱ्या सामायिक सर्व्हरमध्ये) किंवा डेटाबेसमध्ये. मेमरीतला आकडा चार वर्करमध्ये चार वेगळ्या किमती दाखवेल आणि रिस्टार्टला शून्य होईल. मॉड्यूलच्या पातळीवर काय ठेवावं? सेटिंग, कनेक्शन पूल, कधी न बदलणारे तक्ते. वाचायचं असेल तर ठेवा. रिक्वेस्टने लिहायचं असेल तर दुसरी जागा शोधा.

ब्राउझरमध्ये उरलेलं

लोकलस्टोरेजमधला डेटा टॅब बंद केला, ब्राउझर बंद केला, कॉम्प्युटर बंद केला तरी राहतो, आणि तो त्या साइटचा असतो, त्या माणसाचा नाही. लॉगआउटच्या कोडने कुकी काढली आणि लोकलस्टोरेज तसंच ठेवलं, तर पुढच्या माणसाला मागच्याचा मसुदा दिसतो. आपल्याकडे सेतू केंद्रात किंवा सायबर कॅफेत एकाच कॉम्प्युटरवरून दिवसभर वेगवेगळ्या लोकांचे अर्ज भरले जातात. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कोणी लिहिलेला पत्ता आणि मोबाइल नंबर पुढच्याच्या फॉर्ममध्ये आपोआप भरलेला दिसणं ही लहान चूक नव्हे. मसुदा जतन करायचाच असेल तर किल्लीमध्ये वापरकर्त्याचा क्रमांक घाला, लॉगआउटला पुसा, आणि एका टॅबपुरतं काम असेल तर सेशनस्टोरेज वापरा.

मागे जाण्याचं बटणही बघा. ब्राउझर मागचं पान त्याच्या जावास्क्रिप्टच्या अवस्थेसकट मेमरीत गोठवून ठेवू शकतो. लॉगआउट करून मागे गेलं की जुनं पान जसंच्या तसं उभं राहतं, आणि पान लोड होतानाचा कोड पुन्हा चालत नाही. पेजशो हा पान दिसताना येणारा इव्हेंट ऐका. त्यात पर्सिस्टेड हे मूल्य खरं असेल तर लॉगिनची अवस्था पुन्हा तपासा. खाजगी पानांवर कॅशे कंट्रोल हेडरमध्ये नो-स्टोअर (‘साठवू नका’) द्या. मधल्या सीडीएनने (पानांच्या प्रती वाटणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्याने) खाजगी पान साठवून दुसऱ्याला देऊ नये, यासाठीही तो हेडर लागतो.

पीएचपीवाल्यांसाठी एक

रिक्वेस्ट संपली की सगळं पुसलं जातं हे खरं, पण एकाच रिक्वेस्टमध्येही डेटा उरतो. फॉरइच लूपमध्ये व्हेरिएबल संदर्भाने (रेफरन्सने) घेतलंत तर लूप संपल्यावरही ते शेवटच्या घटकाला बांधलेलं राहतं. १, २, ३ असा ॲरे घ्या, संदर्भाने एक लूप चालवा, मग त्याच नावाने साधा लूप चालवा. ॲरे १, २, २ होतो. पहिल्या लूपनंतर लगेच अनसेट लिहा. पीएचपीचं अधिकृत मॅन्युअलही तेच सांगतं.

तुमचा कोड स्वच्छ असूनही

मार्च २०२१ मध्ये गिटहब या कोड साठवणाऱ्या साइटला कळलं की काही जण अचानक दुसऱ्याच्या खात्यात लॉगिन झालेले दिसत आहेत. प्रमाण ०.००१ टक्क्यांहून कमी होतं, तरी ८ मार्चला त्यांनी सगळ्यांची सेशन्स रद्द केली. मुळाशी असं होतं: युनिकॉर्न हा रुबी भाषेसाठीचा सर्व्हर प्रत्येक रिक्वेस्टसाठी नवं एन्व्हायर्नमेंट ऑब्जेक्ट (रिक्वेस्टची माहिती ठेवणारं) न करता एकच रिकामं करून पुन्हा वापरत होता, आणि मागे चालणारा एक थ्रेड त्याच ऑब्जेक्टला धरून होता. युनिकॉर्नच्या सहाव्या आवृत्तीत हा पुनर्वापर बंद झाला.

२० मार्च २०२३ ला चॅटजीपीटीवर काहींना दुसऱ्यांच्या संवादांची शीर्षकं दिसली. तिथे रेडिसच्या पायथन लायब्ररीत दोष होता. विचारणा पाठवून झाल्यावर, पण उत्तर वाचण्याआधी रिक्वेस्ट रद्द झाली, तर ते कनेक्शन न वाचलेल्या उत्तरासकट पूलमध्ये परत जाई आणि पुढच्याला मागच्याचं उत्तर मिळे.

दोन्ही ठिकाणी ॲप्लिकेशनच्या कोडमध्ये ग्लोबल व्हेरिएबल शोधून काही सापडलं नसतं. म्हणून पूलमधून परत वापरली जाणारी प्रत्येक गोष्ट, मग ती कनेक्शन असो, थ्रेड असो की बफर, संशयितांच्या यादीत ठेवा, आणि रिक्वेस्ट अर्ध्यात रद्द झाल्यावर काय होतं हेही मुद्दाम तपासा. कॅशेमधून आलेल्या खाजगी नोंदीत मालकाचा क्रमांक ठेवून तो चालू वापरकर्त्याशी जुळतो का, हे देण्याआधी बघणं स्वस्त आहे.

दुरुस्तीनंतर

एकाच टेस्टमध्ये दोन क्लायंट तयार करा, पहिल्याने काहीतरी जतन करावं आणि दुसऱ्याला ते दिसू नये. दोन्ही एकाच प्रोसेसमध्ये चालले पाहिजेत. टेस्टचा क्रम दर वेळी बदलून चालवा. एक टेस्ट आधी चालली की दुसरी पडते, असं दिसलं तर कुठेतरी अजून काही उरतंय. गुनिकॉर्नला ठरावीक रिक्वेस्टनंतर वर्कर बदलायला सांगता येतं. मेमरी वाढण्यावर तो उतारा चालतो, गळतीवर नाही. दोन रिस्टार्टच्या मधल्या वेळेत एकाचा डेटा दुसऱ्याकडे जातच राहतो.

आणि गळती प्रत्यक्ष लोकांपर्यंत पोहोचली असेल तर रिस्टार्ट करण्याआधी लॉग बाजूला काढून ठेवा. सेशन्स रद्द करा, सीडीएन आणि रेडिसमधला कॅशे रिकामा करा, कोणाचं काय कोणाला दिसलं याची यादी लॉगवरून बनवा. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार डेटा गळतीसारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्या संस्थेला कळवावी लागते. तेव्हा ही यादी करणारा आणि कळवणारा माणूस कोण, हे संस्थेत आधीच ठरलेलं असू द्या.